अनोळखी बाटली आणि पाचवे शील : निर्णय कसा घ्यावा?



दारूच्या दुष्परिणामांवर आपल्या समाजात आजवर पुष्कळ भाषणे झाली, गीते झाली, जलसे झाले. त्यांतील दारू बहुधा हातभट्टीची असे. ती पिणारा माणूस मजुरी गमावलेला, घरात भांडणे करणारा, रस्त्याच्या कडेला पडलेला असा दाखवला जाई. त्या काळाची ती गरज होती, आणि त्या प्रबोधनाने हजारो घरे सावरली हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आज आपली मुले-मुली शिकून पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे नोकरीस आहेत. काही शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेत शिकत आहेत. त्यांच्यापुढे दारू हातभट्टीच्या रूपाने येत नाही. ती जाड काचेच्या सुबक बाटलीतून येते. बाटलीला लाकडी बूच असते, लेबलावर एखाद्या जुन्या घराण्याची किंवा गावाची गोष्ट छापलेली असते. सोबतचा सहकारी सांगतो, "ही साधी दारू नाही. लहानशा डिस्टिलरीत कारागिरांनी बनवलेली क्राफ्ट व्हिस्की आहे. पिऊ नकोस, पण चाखून तर बघ!"

हातभट्टीला ठामपणे 'नाही' म्हणणारा तरुण येथे घुटमळतो. आपण नकार दिला तर अडाणी ठरू, असे त्याला वाटते. 'जे माहीतच नाही ते नाकारायचे तरी कसे?' असा प्रश्नही त्याला पडतो. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू, नंतर तिची तपासणी कशी करावी ते पाहू आणि शेवटी धम्माच्या कसोटीवर निर्णयाचा विचार करू.

१. क्राफ्ट व्हिस्की म्हणजे काय?

व्हिस्की हे धान्यापासून केलेले मद्य आहे. जव, मका, राय किंवा गहू यांतील पिष्टाची साखर करायची, ती यीस्टने आंबवायची, त्या आंबवणाचे ऊर्ध्वपातन करून मद्यार्क वेगळा काढायचा आणि तो लाकडी पिंपात मुरवत ठेवायचा, ही तिची थोडक्यात कृती. भट्टीतून निघणारा मद्यार्क पाण्यासारखा रंगहीन असतो. सोनेरी-तपकिरी रंग आणि बराचसा स्वाद पिंपाच्या लाकडातून येतो.

निरनिराळ्या देशांनी यासाठी कायदे केले आहेत. स्कॉटलंडमध्ये 'स्कॉच' म्हणवून घेण्यासाठी मद्य ७०० लिटरपेक्षा मोठे नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरलेले असावे लागते. अमेरिकेत 'बर्बन' म्हणायचे तर धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि पिंप आतून जाळलेल्या नव्या ओकचे हवे. 'स्ट्रेट' हा शब्द लावायचा तर किमान २ वर्षे मुरवणे आवश्यक असते. म्हणजे या शब्दांना अर्थ आहे, आणि तो अर्थ कायद्याने बांधलेला आहे.

'क्राफ्ट' या शब्दाचे तसे नाही. अमेरिकेच्या संघीय मद्य-नियमांत त्याची व्याख्याच नाही. तेथील क्राफ्ट मद्य-उत्पादकांच्या संघटनेने आपल्या सभासदांसाठी वर्षाला ७,५०,००० प्रूफ गॅलनची मर्यादा ठरवली आहे. याचा हिशेब केला तर ५० टक्के तीव्रतेचे सुमारे २८ लाख लिटर मद्य होते! 'लहान', 'हस्तनिर्मित', 'निवडक पिंपांतील' हे शब्द कानाला गोड लागतात, परंतु त्यांनी काहीच सिद्ध होत नाही, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

२. लेबल वाचण्याचे पाच प्रश्न

आम्ही बँकेत काम करणारी माणसे धनादेश हाती आला की त्याच्या कागदाची सुबकता पाहत नाही. तारीख पाहतो, अक्षरी आणि अंकी रकमेचा मेळ घालतो, सही ताडून पाहतो. बाटलीच्या बाबतीतही हीच शिस्त हवी.

पहिला प्रश्न : ही कोणी गाळली? 'अमुक कंपनीने बाटलीबंद केली' किंवा 'अमुक कंपनीने तयार केली' असे छापलेले असेल, तर त्याच कंपनीने ती गाळली असे सिद्ध होत नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्ग येथे एक मोठा कारखाना आहे. त्याची राय व्हिस्की विकत घेऊन अनेक कंपन्या आपापल्या नावाने विकतात. आयोवा राज्यातील टेम्पलटन राय या व्हिस्कीची जाहिरात त्या गावच्या दारूबंदीच्या काळातील जुन्या कृतीची म्हणून होत असे. प्रत्यक्षात ती इंडियानातील याच कारखान्यात गाळली जात होती. २०१४ साली ग्राहकांनी दावे लावले. २०१५ साली तडजोड झाली, लेबलावर इंडियानाचा उल्लेख करण्याचे ठरले आणि खरेदीदारांना काही रक्कम परत देण्यात आली. त्या दारूची चव वाईट होती असे कोणी म्हणत नव्हते. वाद गोष्टीच्या खरेपणाचा होता.

दुसरा प्रश्न : ही कशापासून केली? आपल्या देशात 'व्हिस्की' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा मद्याचा पाया उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार तिला व्हिस्की म्हणता येत नाही, कारण तेथे धान्याची अट आहे. याउलट बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने जवापासून केलेली सिंगल माल्ट २००४ साली थेट स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे विक्रीस आणली, आणि गोव्यातही आज सिंगल माल्ट तयार होते. तेव्हा 'भारतीय' एवढ्या एका शब्दावरून बरे-वाईट काहीच ठरत नाही.

तिसरा प्रश्न : किती वर्षे मुरली? स्कॉचच्या लेबलावर वर्षांचा आकडा असेल तर तो मिश्रणातील सर्वांत कमी वयाच्या मद्याचा असतो. परंतु हवामानानुसार या आकड्याचा अर्थ बदलतो. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के मद्य उडून जाते. बंगळूरच्या उष्ण हवेत हे प्रमाण १० टक्क्यांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असते आणि मद्य लवकर मुरते. म्हणून कमी वय म्हणजे हलका माल, असा सरळ हिशेब करता येत नाही.

चौथा प्रश्न : तीव्रता किती? हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्याकडील नेहमीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. तिच्या ६० मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. क्राफ्ट म्हणून मिळणाऱ्या काही बाटल्या पिंपातून काढल्या तशाच, पाणी न घालता भरलेल्या असतात. त्यांची तीव्रता ६० टक्क्यांपर्यंत जाते. तेवढ्याच पेगात मग २८ ग्रॅमच्या वर अल्कोहोल असते. ग्लास तोच, माप तेच, पण शरीरावरचा भार ४० टक्क्यांनी वाढलेला!

पाचवा प्रश्न : ही कायदेशीर आहे काय? लेबल नसलेली, 'आमच्या ओळखीच्याने घरी बनवलेली' बाटली म्हणजे क्राफ्ट नव्हे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथाइल अल्कोहोल होते. ते चवीने किंवा वासाने ओळखू येत नाही. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि डोळे व प्राण दोन्ही जातात. मेलेली माणसे बहुतेक कष्टकरी वस्तीतील होती, हे आपण विसरता कामा नये. विद्यार्थ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की महाराष्ट्रात विदेशी पद्धतीचे मद्य घेण्यास वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो.

या पाच प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी बाटली उघडावी लागत नाही, ही गोष्ट वाचकांच्या लक्षात आलीच असेल. 'माहीत नाही म्हणून चाखून पाहतो' या म्हणण्यात म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही. त्या बाटलीविषयी जे जाणण्यासारखे आहे ते न चाखताच जाणता येते. चाखून कळायची राहते ती केवळ चव.

३. गोष्ट खरी असली तर?

काही वेळा बाटलीवरील गोष्ट खरी असते आणि आपल्या अंतःकरणाला भिडणारीही असते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात लिंचबर्ग गावाजवळ डॅन कॉल नावाच्या धर्मोपदेशकाच्या शेतावर नेथन ऊर्फ निअरेस्ट ग्रीन हा कृष्णवर्णीय गुलाम दारू गाळण्याचे काम करीत असे. मेपल लाकडाच्या कोळशातून मद्य गाळून घेण्याच्या पद्धतीत तो निष्णात होता. त्याच शेतावर कामाला आलेल्या जॅक डॅनियल नावाच्या मुलाला त्याने ही विद्या शिकवली. गुलामगिरी संपल्यावर जॅक डॅनियलने स्वतःचा कारखाना काढला, तेव्हा तेथील पहिला प्रमुख कारागीर ग्रीन हाच होता. जगभर नाव मात्र झाले ते जॅक डॅनियलचे. शिकवणाऱ्याचे नाव दीडशे वर्षे झाकलेले राहिले. २०१६ साली कंपनीने ही गोष्ट उघडपणे मान्य केली आणि २०१७ साली ग्रीनच्या नावाने एक स्वतंत्र व्हिस्कीही बाजारात आली.

हात आमचे, कसब आमचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. ग्रीनची हकिकत वाचून आपल्यातील कोणाचेही मन हेलावेल, आणि ते योग्यच आहे. हा इतिहास शिकावा, शिकवावा, त्याच्यावर निबंध लिहावेत. परंतु ग्रीनविषयीचा आदर व्यक्त करण्यासाठी त्याच्या नावाची बाटली रिकामी करावी लागते काय? मुळीच नाही. गोष्टीचा मोठेपणा बाटलीतील अल्कोहोल कमी करीत नाही. न्यायाची गोष्ट ही एक बाब झाली आणि आपल्या शरीरात काय घालायचे ही दुसरी. विक्रेता या दोन्ही एकत्र बांधतो. आपण त्या सोडवून पाहिल्या पाहिजेत.

४. 'अनुभव घेऊन पाहा' हा युक्तिवाद

आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी याबाबतीत बुद्धवचनाचाच आधार घेतात. ते म्हणतात, "कालाम सुत्तात भगवंतांनी सांगितले आहे की ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, ग्रंथावर विश्वास ठेवू नका, स्वतः जाणून घ्या. मग दारू वाईट हे तरी आम्ही ऐकून का मानावे? चाखूनच ठरवू!"

युक्तिवाद चतुर आहे, पण अपुरा आहे. केसमुत्त येथील कालामांना भगवंतांनी ज्या गोष्टींवर विसंबू नका असे सांगितले त्यांत ऐकीव माहिती, परंपरा आणि लोकप्रवाद आहेत, तसेच 'सांगणारा माणूस दिसायला भारदस्त आहे' हेही एक कारण आहे. आता पाहा, क्राफ्ट व्हिस्कीची शिफारस आपल्यापर्यंत कोणत्या मार्गाने येते? मित्राने ऐकलेले, 'शंभर वर्षांची परंपरा', मासिकात मिळालेले गुण आणि भारदस्त सहकाऱ्याचा आग्रह. म्हणजे ज्या आधारांपासून भगवंतांनी सावध केले तेच आधार येथे पुढे केले जातात!

शिवाय त्या सुत्तात खरी कसोटी दिली आहे ती परिणामांची. ही गोष्ट अंगीकारल्याने अहित आणि दुःख होते की हित आणि सुख होते, सुज्ञ लोक तिची निंदा करतात की प्रशंसा करतात, हे पाहा असे तेथे सांगितले आहे. जिभेला काय वाटते, एवढ्यावर ती कसोटी थांबत नाही. परिणामांचा हिशेब आज आपल्यासमोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही. हे निष्कर्ष हातभट्टीला लागू आहेत तसेच महागड्या सिंगल माल्टलाही लागू आहेत. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मद्यपानाचे सहा तोटे सांगितले : धनाची हानी, कलहाची वाढ, रोग, अपकीर्ती, लाज सुटणे आणि प्रज्ञा दुबळी होणे. यांतील शेवटचा तोटा आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक आहे. आंबा चाखून पाहताना चाखणाऱ्याची बुद्धी शाबूत राहते. दारू मात्र ज्या मनाने तपासायची त्याच मनावर अंमल चढवते. तराजूच वाकवून वजन कसे करणार?

५. सागत थेरांची कथा

पाचव्या शीलाच्या पाली शब्दांत सुरा आणि मेरय असे दोन शब्द येतात. सुरा ही पीठ, भात इत्यादींपासून केलेली, तर मेरय हे फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले. म्हणजे त्या काळीही मद्याचे अनेक प्रकार होते आणि 'विशेष' मद्यही होते.

विनयपिटकात भिक्खूंसाठी मद्यपानाचा नियम कसा झाला, त्याची कथा आहे. आयुष्मान सागत यांनी अंबतित्थ येथे एका भयंकर नागाला आपल्या सामर्थ्याने नमवले. त्यांची कीर्ती कोसंबीला पोचली. तेथील उपासकांनी भक्तिभावाने विचारले, "भंते, आपणांस दुर्लभ आणि प्रिय असे काय द्यावे?" तेव्हा संघातील सहा जणांच्या खोडकर टोळीने सांगितले की कापोतिका नावाचे निवळ मद्य भिक्खूंना दुर्लभ असते. झाले! घरोघरी कापोतिका तयार झाली. सागत भिक्षेला निघाले आणि प्रत्येक घरच्या आग्रहाला मान देत गेले. शेवटी नगराच्या वेशीत कोसळले. भिक्खूंनी त्यांना उचलून विहारात आणले आणि त्यांचे डोके भगवंतांच्या दिशेने ठेवले, तर ते वळून भगवंतांकडे पाय करून झोपले. भगवंतांनी भिक्खूंना विचारले, "सागत पूर्वी आदराने वागत होते ना? आता वागतात काय? नागाशी झुंजणारे हे सागत आता पाण्यातल्या सापाशी तरी झुंजू शकतील काय?" भिक्खूंनी 'नाही' म्हटले. त्यानंतर नियम झाला.

या कथेत दुष्ट माणूस फारसा कोणी नाही. उपासकांच्या मनात श्रद्धा होती, सागत पराक्रमी होते, मद्यही उत्तम होते. 'दुर्लभ आहे' या एका शब्दाने आणि प्रत्येक दारी 'थोडेसे' या आग्रहाने काम केले. नागावर विजय मिळवणारा माणूस पाहुणचारापुढे हरला! आजच्या मेजवानीतही याहून निराळे काही घडत नाही.

६. निर्णय

आता निर्णयाकडे वळू.

ज्यांनी पंचशील ग्रहण केले आहे, ज्यांच्या घरी १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेचा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा वारसा आहे, त्यांचा निर्णय झालेला आहे. 'मी दारू पिणार नाही' ही प्रतिज्ञा करताना स्वस्त दारू आणि महाग दारू असा भेद कोणी केलेला नव्हता. या प्रतिज्ञेत अडाणीपणा नाही. स्वतंत्र झालेल्या माणसाने आपल्या मनावरचा ताबा दुसऱ्या कशालाही देणार नाही, असे तीत जाहीर केलेले आहे.

समाजात न पिणाऱ्यांबरोबर पिणारेही बांधव आहेत. त्यांना हिणवून काही साधणार नाही. त्यांनी निदान एवढे करावे : निर्णय ग्लास भरण्यापूर्वी घ्यावा, नंतर नव्हे. तीव्रता वाचावी. गाडी चालवायची असेल तर थेंबही घेऊ नये. दुसऱ्याला आग्रह करू नये. आणि खर्चाचा हिशेब कागदावर मांडावा. महिन्याला २,००० रुपये बाटलीवर जात असतील, तर १० वर्षांत मुद्दलच २,४०,००० रुपये होते, व्याज वेगळे. तेवढ्या आवर्ती ठेवीतून एका मुलीच्या शिक्षणाचा बराचसा भार उचलला जाऊ शकतो.

विद्यार्थ्यांना शेवटी एक व्यावहारिक सूचना. नकार देताना लांबलचक कारणे सांगू नका. औषध चालू आहे, उपवास आहे असली खोटी निमित्तेही काढू नका, कारण त्यात चौथे शील मोडते आणि पुढच्या वेळी पुन्हा आग्रह होतो. "मी घेत नाही" हे तीन शब्द पुरेसे आहेत. मग हवे तर त्या बाटलीचे लेबल हाती घ्या, ती कोणी गाळली, कशापासून केली ते वाचा, निअरेस्ट ग्रीनची हकिकत सहकाऱ्यांना सांगा. न पिणारा माणूसही त्या मेजवानीत जाणकार म्हणून ताठ मानेने बसू शकतो, हे तुमच्याकडे पाहून आणखी एखाद्या घुटमळणाऱ्या मुलाला कळेल. त्यालाही नकार देणे सोपे जाईल.

स्वाध्याय (अभ्यासमंडळात चर्चेसाठी)

१. 'क्राफ्ट' आणि 'स्ट्रेट' या दोन शब्दांत कायद्याच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
२. ५० टक्के तीव्रतेच्या ६० मिलिलिटर मद्यात किती ग्रॅम अल्कोहोल असेल? (१ मिलिलिटर अल्कोहोल = सुमारे ०.७९ ग्रॅम.)
३. कालाम सुत्तातील कसोटी लावून 'चाखल्याशिवाय कसे कळणार?' या प्रश्नाला उत्तर द्या.
४. सागत थेरांच्या कथेत कोणत्या टप्प्यावर, कोणाला 'नाही' म्हणता आले असते?